छायाकृतीत आई ओळखू का येत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची आई आणि तुमचा सात वर्षांचा मुलगा, दोघांचे बाजूने दिसणारे चेहरे काळ्या कागदात कातरून एका चौकटीत समोरासमोर लावायचे आहेत. आधी टेबल लॅम्प लावून भिंतीवर सावली पाडून पाहिली, पण कड धूसर आली. मग मोबाइलने फोटो काढले, प्रिंट काळ्या कार्डावर चिकटवले आणि चार वेळा कापून पाहिले. मुलगा बरा जमला, आई मात्र ‘कुणीतरी बाई’ दिसते. आणि शेवटी विचारले आहे, कोणती कात्री घेऊ?

कात्रीचे सांगते, पण जरा थांबा. चार वेळा कापूनही आई चारही वेळा परकीच दिसत असेल, तर दोष हाताचा असण्याची शक्यता कमी. हात चुकला की दर वेळी वेगळे चुकते. एकदा नाक लांबते, एकदा हनुवटी बसते. तीच परकी बाई पुनःपुन्हा येत असेल, तर ती प्रिंटमध्येच बसलेली आहे. फोटो पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही, पण गेली वीसेक वर्षे हेच काम करते आहे आणि शिकायला येणाऱ्यांची दहातली आठ चित्रे कागदाला कात्री लागण्याआधीच बिघडलेली असतात.

म्हणून पहिली गोष्ट: तो फोटो मोबाइलवरच चेहऱ्याच्या आत पूर्ण काळा करा. डोळा, कान, गाल काही ठेवू नका. मोबाइलवर जमत नसेल तर प्रिंटवर काळे मार्कर फिरवा. आणि घरातल्या कुणाला तरी, आधी काही न सांगता, दाखवा. त्याने आईला ओळखले तर प्रश्न कापण्याचा आहे. नाही ओळखले तर जगातली सर्वांत चांगली कात्री आणलीत तरी उपयोग नाही. आपण रंगीत फोटोकडे पाहतो तेव्हा डोळे, कातडी, टिकली, हसू सगळे मिळून ‘आई’ सांगत असते. ते सगळे काढून घेतल्यावर नुसती कड काय सांगते, हे कापण्याआधी एकदा तरी पाहायला हवे.

आता तुमच्या सावलीचे. ती पद्धत वाईट नाही, दिवा चुकीचा होता. सावलीच्या कडेला जो धुरकट पट्टा येतो, त्याची रुंदी काढायचा हिशोब सोपा आहे: दिव्याच्या उजळ भागाची रुंदी, गुणिले डोक्यापासून भिंतीचे अंतर, भागिले दिव्यापासून डोक्याचे अंतर. समजा तुमच्या लॅम्पचा गोळा 6 सेंमी रुंद आहे, तो डोक्यापासून 2 मीटरवर आहे आणि डोके भिंतीपासून 30 सेंमीवर. (मोठ्या माणसाचा खांदा मध्ये येतो, त्यामुळे डोके याहून फार जवळ नेताच येत नाही.) 6 गुणिले 30 भागिले 200, म्हणजे 0.9 सेंमी. जवळजवळ एक सेंटिमीटरचा धूसर पट्टा! नाकाखालपासून ओठापर्यंतची जागा माणसाच्या चेहऱ्यावर दीड-दोन सेंटिमीटरचीच असते. दोन्ही ओठ त्या पट्ट्यात विरघळणारच. तिथेच लॅम्पऐवजी मोबाइलचा टॉर्च ठेवा. त्याचा प्रकाशणारा ठिपका साधारण 5 मिमीचा. तोच हिशोब केला तर पट्टा एक मिलिमीटरच्याही आत येतो. खोली पूर्ण अंधारी, टॉर्च नाकाच्या उंचीवर आणि भिंतीला काटकोनात. तिरका ठेवलात तर सावली लांबट होते आणि नाकाचा भाला होतो.

मग अडचण उरते ती माणूस न हलण्याची. मोठी माणसे पाठीला खुर्ची आणि डोक्याला टेकण दिले तर मिनिटभर बसतात. सात वर्षांचा मुलगा बसणार नाही, त्याला बसवूही नका. अठराव्या शतकात या कामासाठी खास खुर्च्या होत्या: बाजूला ताणलेला पारदर्शक कागद, पलीकडे मेणबत्ती, डोक्याला आधार. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडे कॅमेरा आहे. मी स्वतः मुलांसाठी कायम फोटोच वापरते आणि मोठ्यांसाठीही बहुधा तोच. सावलीची गंमत घरच्यांनी एकदा जरूर घ्यावी, पण कागदावर उतरवायला फोटो बरा.

फोटो कुठे फसतो, हे मात्र नीट सांगायला हवे, कारण तुमची आई मला वाटते इथेच हरवली आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जवळून काढलेला फोटो. हातभर अंतरावरून बाजूचा चेहरा टिपला की कॅमेऱ्याकडचा गाल आणि त्या बाजूचे केस फुगून मोठे दिसतात आणि नाक-हनुवटीची मधली रेषा त्यामानाने लहान पडते. चेहरा बोथट होतो. रंगीत फोटोत हे लक्षात येत नाही, काळ्यात लगेच येते. अडीच-तीन मीटर मागे जा आणि झूम करा. कॅमेरा नाकाच्या मुळाच्या उंचीवर हवा. मुलाचा फोटो काढताना गुडघ्यावर बसा, नाहीतर वरून काढलेल्या फोटोत कपाळ वाढते आणि हनुवटी गळ्यात जाते. मागे उजेड असलेली खिडकी किंवा पांढरी भिंत असावी. माणूस काळा पडला तरी चालेल, उलट बरेच.

दुसरी चूक, चेहरा पूर्ण बाजूला वळलेला नसणे. पाच-सात अंशांचा फरक डोळ्याला जाणवत नाही, कडेला मात्र भोवतो. खूण अशी: नाकाच्या मुळाच्या पलीकडे दुसऱ्या भुवईचे किंवा दुसऱ्या पापणीचे टोक दिसत असेल, तर चेहरा तुमच्याकडे वळला आहे. नाकाच्या मुळाशी जी खोलगट जागा असते ती त्या भुवईने भरून निघते आणि ओळखीचा अर्धा भाग तिथेच जातो. मी फोटो एक काढत नाही. माणसाला समोर एका खुणेकडे पाहायला सांगते आणि मग मान अगदी सावकाश थोडी इकडे, थोडी तिकडे करायला लावून आठ-दहा फोटो घेते. त्यातला एक हमखास बरोबर निघतो.

मानेचा कलही तसाच. कानाचे भोक आणि डोळ्याखालचे हाड एका आडव्या रेषेत आले की डोके सरळ आहे असे समजा. फोटो काढताना बहुतेक लोक संकोचाने हनुवटी आत घेतात, मग दुहेरी हनुवटी येते. काही जण उलट ती वर उचलतात. आणि हसू! फोटोसाठी हसण्याची सवय इतकी मुरलेली असते की बाजूने बसवले तरी माणूस हसतो. हसले की वरचा ओठ ताणून सपाट होतो, त्याची उंची कमी होते. जिवणीचा आकार म्हणजे चेहऱ्याची सहीच जणू, तीच पुसली जाते. ओठ हलकेच मिटलेले, दात आत एकमेकांपासून सुटे, एवढेच सांगायचे. सर्वांत नैसर्गिक तोंड माणसाने नुकताच श्वास सोडलेला असताना मिळते.

मुलगा का जमला असेल? लहान मुलांच्या चेहऱ्याची कड ठळक असते: पुढे आलेले कपाळ, छोटे वर उचललेले नाक, भरलेला गाल आणि डोक्यामागे उभी राहिलेली एखादी बट. थोडे इकडेतिकडे झाले तरी ‘एक लहान मूल’ तरी नक्की दिसते, आणि घरात मूल एकच असेल तर तेवढे पुरते! मोठ्या माणसाच्या बाबतीत असा आधार नसतो.

तर मग साम्य कशात असते? माझ्या अनुभवात ते फार थोड्या जागांत असते. नाकाच्या मुळाची खोली. नाकाखालचा कोन, शेंडा वर आहे की खाली. वरच्या ओठाची लांबी. दोन ओठांमधली खाच. खालच्या ओठाखालची खोबण. आणि हनुवटीपासून गळ्यापर्यंत जाणारी रेषा. ही सगळी सात-आठ सेंटिमीटरच्या चित्रात जेमतेम चार-पाच सेंटिमीटरमध्ये बसते, म्हणून इथे अर्ध्या मिलिमीटरलाही किंमत आहे. उरलेल्या कडेला, म्हणजे पाठ, खांदे, छाती यांना तेवढी नाही. नवशिक्यांची सगळी मेहनत नेमकी उलट वाटली जाते: छातीची झोकदार कमान डौलदार कापलेली असते आणि ओठांच्या जागी एक गुळगुळीत लाट.

तो गुळगुळीतपणा आईच्या चित्राला जास्त मारतो. वय झालेल्या चेहऱ्यात हनुवटीखालची कातडी थोडी सैल असते, नाकाचा शेंडा थोडा उतरलेला असतो, वरचा ओठ पातळ आणि लांब झालेला असतो. कापताना हात आपोआप दयाळू होतो. आईच आहे, कशाला ते दाखवायचे! पण मग उरते ती कुठल्याही वयाची कुणीही स्त्री. प्रिंटवर जी रेषा आहे तीच कापा. काळ्या कागदात सुरकुत्या दिसत नाहीत, त्यामुळे जेवढी भीती वाटते तेवढे वय तसेही दिसत नाही.

मी स्वतः पहिली दोनेक वर्षे एक वेगळीच चूक करत होते, तीही सांगते. चेहऱ्यावर लक्ष इतके असायचे की डोक्याची मागची बाजू मी छाटून टाकत असे. बाजूने पाहिले तर कान साधारण डोक्याच्या मध्यावर असतो, म्हणजे कानामागे जवळपास तेवढेच डोके उरते जेवढे कानापुढे. आणि त्यावर केस. विश्वास बसत नाही इतके मागे जावे लागते. डोळ्यांवर विश्वास ठेवून हात आखडला की सगळी माणसे मुखवट्यासारखी दिसतात.

केसांबद्दल थोडे सविस्तर, कारण चेहऱ्याच्या कडेनंतर ओळख इथेच असते. केसांची कड एका सफाईदार रेषेत कापली की डोक्यावर टोपी घातल्यासारखे दिसते. आईचा अंबाडा असेल तर अंबाडा आणि मान यांच्यामधून जिथे उजेड दिसतो ती फट शोधा. ती पांढरी फट नीट कापली तर अंबाडा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. कानामागून सुटलेल्या दोन-तीन बटा ठेवा, पण सगळ्या नको. एखादी बट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक केलीत तर चिकटवताना ती गुंडाळून बसते. बाकी केसांच्या कडेला कमी-जास्त लांबीच्या लहान तिरक्या खाचा, त्याही केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने. एकसारख्या अंतरावर मारल्यात तर करवत होते.

पापण्या हा वादाचा विषय आहे. काही कारागीर त्या कधीच दाखवत नाहीत. मी चित्र सात सेंटिमीटरपेक्षा मोठे असेल तरच एक छोटे टोक ठेवते, एक-दीड मिमीचे, तेही खाली झुकलेले. त्याने डोळा कुठे आहे हे पाहणाऱ्याला कळते. लहान चित्रात ते नाकावर बसलेल्या माशीसारखे दिसते. आणि आई कायम चष्मा लावत असेल तर तो काढून फोटो घेऊ नका. माझ्याकडे एकदा एका गृहस्थांचे चित्र त्यांच्या पत्नीला पटेना. मी नाकाच्या मुळाशी चष्म्याच्या काचेची जेमतेम मिलिमीटरभर पुढे डोकावणारी कड ठेवून पुन्हा कापले, बाकी काही बदलले नाही. या वेळी बाईंनी लगेच मान डोलावली.

आता कागद. तुम्ही काळे कार्ड वापरले आहे आणि तिथे हाताचा दोष थोडा असेल तर तो कार्डामुळे. जाड कार्ड वळणावर कात्रीला अडते, आपण जोर लावतो आणि रेषा सुटते. 80 ते 100 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. एक कोपरा फाडून पाहा: आत पांढरा निघाला तर कापलेल्या प्रत्येक कडेला पांढरी किनार दिसेल. आतपर्यंत काळा असलेलाच हवा. प्रिंट काळ्या कागदावर गोंदाने चिकटवू नका, ओलीने कागद ताणतो. चेहऱ्याबाहेरच्या वाया जाणाऱ्या भागात चार-पाच स्टेपल मारा. तसा न मिळून एका बाजूनेच काळा कागद घ्यावा लागला तर प्रिंट त्याच्या पांढऱ्या पाठीवर लावा, मात्र चित्र उलटल्यावर चेहरा विरुद्ध दिशेला पाहू लागेल हे ध्यानात ठेवा. तुम्हाला दोघे समोरासमोर हवे आहेत, तिथे ही गफलत हमखास होते.

आणि कात्री. छोट्या पात्यांची, अणकुचीदार टोकाची, भरतकामाला वापरतात तसली. पाती सरळ असोत वा किंचित बाकदार, सवयीचा प्रश्न आहे. महत्त्वाचे एवढेच की ती खिळ्यापाशी डुगडुगणारी नसावी आणि टोकाला कागद चावण्याऐवजी कापणारी असावी. ती घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नका. आतल्या फटींसाठी, उदाहरणार्थ अंबाड्याखालची ती जागा, टोकदार पात्याचा कटर आणि खाली कटिंग मॅट. आतले सगळे आधी कापून घ्यायचे, बाहेरची कड नंतर. उलट केलेत तर पकडायला कागद उरत नाही. कटरचे पाते बोथट झाले की लगेच बदला, एका पात्यात चार चित्रे काढायचा मोह नको.

कात्री चालवताना कात्रीचा हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. यात कंजुषी नको, कागद अक्षरशः गरगर फिरला पाहिजे. कोपर अंगाला टेकवा. पाती पूर्ण मिटू नका. दर वेळी पूर्ण मिटलीत की टोकापाशी एक बारीक टोचा उमटतो आणि कड दातेरी होते. कापायचे पात्यांच्या आतल्या भागाने. टोके फक्त खाचांसाठी. ओठांमधल्या खाचेत कात्री वळवू नका: एका बाजूने आत जा, बाहेर या, दुसऱ्या बाजूने आत जा, तुकडा आपण होऊन गळून पडेल. उजव्या हाताने कापत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने जा, म्हणजे चेहरा डाव्या हातात राहतो आणि कचरा उजवीकडे पडतो. सुरुवातीला चित्राभोवती सेंटिमीटरभर जागा सोडून ढोबळ कापून घ्या आणि मग थेट कपाळ ते गळा. हे बिघडले तर पुढचे कापण्यात वेळ घालवू नका, नवा कागद घ्या.

पहिल्यांदा चित्र थोडे मोठे ठेवा, टाळूपासून हनुवटीपर्यंत दहा सेंटिमीटर. हात बसला की सात-आठवर या. दोघांचे फोटो एकाच अंतरावरून काढा आणि प्रिंट एकाच प्रमाणात काढा, म्हणजे मुलाचे डोके आईपेक्षा जितके लहान आहे तितकेच दिसेल. दोन्ही चौकटीत सारखी भरावीत म्हणून मुलाला मोठे केलेत तर तो प्रौढ वाटू लागेल.

इतके करूनही बारीक बटा वाकत असतील, तर उलटा मार्ग आहे. पांढऱ्या कागदातून चेहरा कापून बाहेर काढायचा, तो फेकायचा आणि उरलेल्या भोकामागे काळा कागद लावायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियातील पील यांच्या संग्रहालयात मोझेस विल्यम्स हे गुलामगिरीतून मुक्त झालेले कारागीर याच पद्धतीने लोकांची चित्रे कापत. कड चारी बाजूंनी कागदात धरलेली असल्याने ती वाकत नाही, आणि चिकटवताना चेहऱ्याला गोंद लागतच नाही. पहिल्या प्रयत्नासाठी मला तर हीच पद्धत जास्त सोपी वाटते, फक्त ती कटरने करावी लागते.

चिकटवायला ओला पातळ गोंद नको. ग्लू स्टिकचे मधोमध चार-पाच ठिपके, कडेला अगदी हलका हात, वर कोरा कागद आणि रात्रभर जाड पुस्तकांचे वजन. पाठीमागचा कागद झगझगीत पांढरा घेण्यापेक्षा किंचित पिवळसर घ्या, कड डोळ्याला टोचत नाही. चौकट उन्हात लावू नका, काळा कागद उन्हाने तपकिरी होतो.

एक शेवटचे. कागदाची काळी बाजू आत ठेवून घडी घाला आणि दोन थर एकदम कापा. एकाच मेहनतीत दोन प्रती मिळतात, फक्त तोंडे विरुद्ध दिशांना. ऑगस्ट एदुआर हा फ्रेंच कारागीर, जो यंत्राला आणि गिरवण्याला नावे ठेवत नुसत्या नजरेने कापायचा, तो याच युक्तीने प्रत्येक चित्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवी आणि त्यावर नाव-तारीख लिही. 1849 साली अमेरिकेहून परतताना त्याचे जहाज गर्न्सी बेटाजवळ फुटले आणि बरेच अल्बम बुडाले. जे वाचले त्यांतली माणसे आजही नावानिशी ओळखता येतात. तुमच्या मुलाच्या चित्रामागेही पेन्सिलीने तारीख टाका. त्याचे ते वर उचललेले नाक दोन वर्षांत बदलणार आहे.